धाकटीच्या नातवाची खुर्ची

२ जुलै

तुझ्या कॉलेजनं मुलगे घ्यायचं ठरवलं, त्यातला पहिला मुलगा माझ्या बहिणीचा नातू निघाला, आणि हे मला सांगितलं कुणी, तर खालच्या शिंप्यानं. शर्टांचं गठुडं टाकायला आला होता. म्हणाला, काकू, तुमच्या घरातली दोघं एकाच कॉलेजात, नशीबवान आहात. माझ्या हातातली सुई बोटात गेली. तू सुट्टीभर माझ्यासमोर लोळत होतीस, फ्रीज उघडत होतीस, बंद करत होतीस, आणि एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून मूग गिळून बसलीस.

असो. आशीर्वाद. जेवत असशील.

फोन करणार होते, पण मी रागावले की तुझी रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही, म्हणून लिहितेय. अक्षर किडे-मुंग्यांसारखं आलंय, त्याला हसायचं नाही. माझी शाळा चौथीला संपली ते तुला माहीत आहे. का संपली तेही तुला माहीत आहे, तरी परत सांगते, कारण आज मला ते परत आठवलंय. घरात दोघींपैकी एकीनंच शिकायचं ठरलं. माझी बोटं चांगली होती म्हणून मला काजं करायला बसवलं. धाकटीची बोटं म्हणजे लाकडं, सुईत दोरासुद्धा जायचा नाही, म्हणून ती शिकली. चांगली बोटं असल्याची शिक्षा मी आजवर भोगतेय आणि ती बाई चष्मा लावून पेपर वाचते.

म्हणून तू त्या कॉलेजात गेलीस तेव्हा मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटले होते. तिथं काय शिकवतात ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकाच पोरीला कविता, ग्रहतारे, मातीची भांडी आणि आकडेमोड, आणि एवढं करून नक्की काय येतं म्हणून विचारलं तर म्हणे विचार करायला येतं. येऊ दे. मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की ते मुलींचं कॉलेज आहे आणि धाकटीला नातूच आहे. तिनं कितीही नाक घासलं तरी तिचं पोर त्या फाटकातून आत जाणार नव्हतं. जन्मात एक गोष्ट अशी मिळाली होती जी तिला मिळणार नव्हती. आता तीही गेली.

आता खुर्चीचं बोल. दोन वर्षं तू माझे कान किटवलेस, की दुपारी जेवणाच्या हॉलमधे सगळ्यांनी गप्प जेवायचं आणि शेवटच्या वर्षाच्या एकाच मुलीनं त्या उंच खुर्चीवर बसून पुस्तक वाचायचं. वर्ष संपलं की खुर्चीच्या पाठीवर तिचं नाव कोरतात. यंदा तुझं शेवटचं वर्ष. ते नाव मला बघायचंय, भोंगे. त्याच्यावरून बोट फिरवायचंय. आणि मग धाकटीला तिथं नेऊन उभी करायचीय आणि म्हणायचंय, वाच, तुला येतं ना वाचायला.

एवढं एक काम कर. त्या पोराशी गोडगोड बोलत बसू नकोस.

तुझी आजी

*

१० जुलै

आजी,

नमस्कार. तुला सांगितलं नाही कारण तुझी सुट्टी खराब झाली असती. तुझी खराब झाली की माझी होते.

आम्हीही कमी भांडलो नाही. मागच्या हिवाळ्यात ही बातमी फुटली तेव्हा आम्ही सगळ्याजणी मोठ्या बाईंच्या ऑफिसबाहेर जिन्यावर बसलो होतो. त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं आणि एकेक कुलूप उघडून दाखवलं. खोल्याच खोल्या, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, खिडक्यांवर जाळी. म्हणाल्या, मुली येत नाहीत, मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात जातात. मुलगे घेतले नाहीत तर तुमच्या खालच्या खोल्यांनाही कुलूप लागेल. आम्ही जिना उतरून आपापल्या वर्गात गेलो.

आता त्या खोल्यांना रंग दिलाय. आजी, आम्ही दोन वर्षं एक गळका नळ बदलून मागत होतो. मुलगे मूठभर आले तर सुतार आणून त्यांच्या खाटा लांब करून घेतल्या. आरसे वर चढवले. इतिहासाचे सर आम्हाला आडनावानंसुद्धा ओळखायचे नाहीत, ते आता वर्गात शिरल्या शिरल्या "काय म्हणतायत आमचे पाहुणे" असं विचारतात. एखाद्या मुलानं हात वर केला की सगळ्या बाई हातातला खडू खाली ठेवून ऐकतात. तो काही विशेष बोलत नाही. पण ऐकतात.

आता तुझ्या बहिणीचा नातू. उंच आहे, इतका की दारातून येताना आपोआप मान वाकवतो, ज्या दारात गरज नाही तिथेही. आमच्याकडे रीत आहे, शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकीनं एका नव्या मुलीची पाठराखीण व्हायचं. इथल्या काही गोष्टी कुठे लिहिलेल्या नाहीत, त्या एकीनं दुसरीला सांगायच्या. चिठ्ठ्या काढल्या आणि मला तो आला. मोठ्या बाई म्हणाल्या, वा, घरातलंच माणूस. तो मला ताई म्हणतो. सगळ्यांसमोर. माझ्या मैत्रिणी आता मला ताई म्हणून चिडवतात.

मी त्याला सगळं सांगितलं. कुठल्या नळाला गरम पाणी येतं, ग्रंथालयात कुठल्या खिडकीशी ऊन लागत नाही, कुठल्या बाईंना उशीर चालत नाही. एक सांगितलं नाही. हॉलमधे वाचताना ताटांचा आवाज वाढला की आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो. छत उंच आहे, मोठा आवाज वर जाऊन घुमतो आणि शब्द कळत नाहीत. हे मला माझ्या पाठराखिणीनं सांगितलं होतं, तिला तिच्या पाठराखिणीनं.

त्याला सांगायची गरजही नव्हती, असं मला वाटत होतं. कारण खुर्ची शेवटच्या वर्षाची. पण काल फलक लागला, यंदापासून खुर्ची सगळ्या वर्षांना खुली. मुलगे पहिल्याच वर्षाला आहेत, त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून. त्यानं नाव दिलंय.

तुझी भोंगा

*

१७ जुलै

त्यांच्यावर अन्याय नको. हे वाचून मी मशीन थांबवलं. माझ्यावर अन्याय झाला तेव्हा कुणी सुतार बोलावला नव्हता.

तुझं पत्र शिंप्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, जग बदलतंय काकू. मी म्हटलं, तुझ्या शर्टांची काजं बदलतील मग, डोळ्यात तेल घालून बघ. गठुडं उचलून गेला.

तू त्याला ते आवाज उतरवायचं सांगितलं नाहीस, हे उत्तम केलंस. अजून एक कर. त्यानं विचारलं तर सांग, इथं मोठ्यानं वाचावं लागतं, छताला लागला पाहिजे आवाज. पाठराखीण सांगतेय म्हटल्यावर ऐकेल. खोटं वगैरे काही नाही. कुठल्याही हॉलमधे मोठ्यानंच बोलतात लोक.

मी एवढी का पेटलेय ते सांगते. मागच्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात धाकटी भेटली. तुम्ही पोरं खालच्या मजल्यावर होता, तुम्हाला कळलं नाही. नवी कवळी बसवलीय. हसली की दिव्याच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. माझं बोळकं तिला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी तोंडावर रुमाल धरूनच बसले आणि म्हटलं, आपणच बोलावं, मोठे आहोत. विचारलं, गुडघे कसे आहेत. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. परत विचारलं. मग तिनं मान वळवली आणि सुनेला म्हणाली, जेवायला जाऊ या. मी घाम पुसायच्या निमित्तानं उठून गेले. फोन केला तरी तेच, हो हो म्हणते आणि मी बोलत असतानाच ठेवते. एक पेपर वाचता आला म्हणून काय माणसानं बहिणीला उत्तर द्यायचं नाही?

तेव्हा आता तिचं पोर तुझ्या खुर्चीवर बसलेलं मला चालणार नाही. चालणार नाही म्हणजे नाही. तुझ्या बापाला हे सांगू नकोस, तो मला समजूतदारपणा शिकवायला बसेल. त्याला मी शिकवलंय ते त्याच्या लक्षात नाही.

सराव कर. लिंबू खाऊ नकोस, घसा बसेल.

आजी

*

९ ऑगस्ट

आजी,

उशीर झाला. लिहावंसं वाटत नव्हतं.

ज्यांनी नावं दिली होती, त्यांना एकेक दिवस जेवताना वाचायला बसवलं. माझा दिवस चांगला गेला. कुणाचा घास अडला नाही, कुणी जांभई दिली नाही. मोठ्या बाईंनी मान हलवली. मैत्रिणी म्हणाल्या, कोरलं म्हणून समज.

मग त्याचा दिवस. आदल्या सकाळी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, ताई, काही सांगायचंय का? मी तू सांगितलेलं सांगितलं. मोठ्यानं वाच, छताला लागला पाहिजे. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि थँक्यू म्हणाला.

सुरुवात त्यानं तशीच केली. आजी, तुला मजा आली असती. मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज. एक शब्द कळेना. मागच्या टेबलावरच्या मुली हसायला लागल्या, मग एकीनं चमचा ताटावर वाजवला, मग सगळ्यांनी. मीही हसत होते. तो थांबला. मला वाटलं, उतरतो आता. तर त्यानं पुस्तक जरा खाली घेतलं, समोर बसलेल्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हळू वाचायला लागला. नुसतं हळू नाही. एकेक शब्द ओठांवर ठेवून पुढे सरकवल्यासारखा. वाक्य संपलं की वर बघायचा, पोचलं का म्हणून, आणि मग पुढचं. चमचे बंद झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाढणाऱ्या बाईंनी डोकं बाहेर काढलं. मला माहीत असलेलं पुस्तक होतं, तरी मी हातातला घास खाली ठेवून ऐकत होते. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मोठ्या बाईंनी विचारलं, असं वाचायला कुठे शिकलास? तो म्हणाला, माझ्या आजीला ऐकू येत नाही. ती ओठांवरून समजते. तिच्यासमोर बसून रोज पेपर वाचायचो.

तुला माहीत होतं का, धाकट्या आजीला ऐकू येत नाही ते?

खुर्ची त्याला दिली. नंतर तो मला शोधत आला. मला वाटलं, आता भांडेल. तर म्हणाला, तुमच्या वेळी हॉल अर्धा रिकामा असायचा ना ताई, म्हणून मोठ्यानं चालत असेल. आता भरलाय, म्हणून घुमतं. मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं कारणसुद्धा शोधून आणलं होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी आज नीट झोपले असते.

मी शहरातल्या मोठ्या कॉलेजात अर्ज केलाय. शेवटचं वर्ष तिथे करता येतं. रोज दुपारी खाली बसून त्याच्याकडे मान वर करून जेवणं मला जमणार नाही. बाबांशी तू बोल.

तुझी नात

*

२० ऑगस्ट

मी सांगितलं म्हणून तू त्याला तसं सांगितलंस, हे मला परत ऐकवायचं नाही. तुला स्वतःची अक्कल आहे, तिसरं वर्ष विचार करायला शिकतेयस.

मला माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठले, चपला घातल्या आणि बस पकडून तिच्याकडे गेले. कळवलं नाही. कळवणार कसं, फोन तर तिला ऐकू येत नाही. सुनेनं दार उघडलं. धाकटी खिडकीशी पेपर धरून बसली होती. मी रुमाल काढायला पिशवीत हात घातला, आणि तिथंच थांबले. लग्नात मी तोंड झाकून बसले होते. तिला माझे ओठ दिसलेच नव्हते. तिला वाटलं असेल ही नुसती टक लावून बसलीय, तोंडावर फडकं धरून, जसं काही तिच्या अंगाला वास येतोय. तिनं मान वळवली ती त्यामुळे. तिची कवळी बघून मी जळले नसते तर रुमाल धरला नसता, आणि रुमाल धरला नसता तर वर्षभर तिच्या नावानं खडे फोडले नसते. हे मला त्या दारात उभ्या उभ्या कळलं, आणि कळून काही बरं वाटलं नाही, उलट अजून राग आला. बहिरी झाली तर सांगायला काय झालं होतं?

तोंड उघडं ठेवून, माझं बोळकं दाखवत विचारलं, गुडघे कसे आहेत. म्हणाली, चालतायत. मग माझ्या तोंडात वाकून बघून म्हणाली, तुझे सगळेच गेले की. मी म्हटलं, तुझेही गेलेत, तू दुकानातून आणलेस. हसली. मग सुनेनं चहा आणला, तो पाणचट होता.

कानांचं का लपवलंस म्हणून विचारलं. म्हणाली, तुला आनंद झाला असता. झालाच असता थोडा.

पुढे ऐक. ती म्हणाली, तो गेल्यापासून वाचून दाखवायला कुणी नाही. मी म्हटलं, तुला येतं की वाचायला. तर म्हणाली, येतं, पण डोळेही गेलेत, मोठी अक्षरं तेवढी दिसतात, आणि तो समोर बसला की मला माणसाचा आवाज ऐकल्यासारखं वाटायचं. एवढं बोलून परत पेपर उलटा-सुलटा करत बसली. मला तिची दया यायला पाहिजे होती. मला काय आलं सांगू? तू लहानपणी मला वाचून दाखवायचीस ते मशीनच्या आवाजावर ओरडून, मी पाठमोरी आणि तू माझ्या पाठीशी. म्हणून तर तुझं नाव भोंगा पडलं. माझा चेहरा बघून तू कधी वाचलं नाहीस, मीच कधी मान वर केली नाही, काजं संपवायची होती. आणि तिच्यासमोर तो बसायचा. कान गेले, डोळे गेले, तरी तिच्याकडे माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्तच. परत येताना बसमधे मला खिडकीची जागा मिळाली, तरी बरं वाटलं नाही.

आता तुझ्या अर्जाचं. बापाशी मी बोलणार नाही. तू गेलीस तर काय होईल ते बघ. खुर्ची त्याची, कॉलेजही त्याचं, आणि धाकटी सगळ्यांना सांगणार, थोरलीच्या नातीला सोसलं नाही, पळाली. माझ्या हयातीत हे होणार नाही. तुला जळायचंय ना, जळ. मीही जळतेय, साठ वर्षं जळतेय, काही बिघडलं नाही माझं. पण जागा सोडून जळायचं नाही. तिथं बसून, जेवून, अभ्यास करून जळ.

अर्ज परत घे.

आजी

*

३ सप्टेंबर

आजी,

अर्ज परत घेतला. तुझ्यासाठी नाही. शहरातल्या कॉलेजात मातीची भांडी नाहीत.

तू धाकट्या आजीकडे जाऊन आलीस हे त्याला तिच्या सुनेकडून कळलं. मला येऊन म्हणाला, मोठ्या आजी येऊन गेल्या, आजी खूप खूश आहे, दिवसभर त्यांच्या दातांबद्दल बोलतेय. मी म्हटलं, हो का.

आता इथलं सांगते. तुला आवडेल.

तो वाचायला बसला की मुली चमचे वाजवतात. रोज. त्या चाचणीच्या दिवशी कुणाला काही वाटलं असेल ते वाटलं असेल, पण दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या वर्षाच्या सगळ्याजणींनी ठरवलं की आपली खुर्ची पहिल्या वर्षाच्या मुलाला दिली ती आपल्याला मान्य नाही. तो आवाज उतरवतो, त्या अजून वाजवतात. तो थांबतो, त्या थांबतात. तो सुरू करतो, परत सुरू. मोठ्या बाई एकदा रागावल्या, मग त्या जेवायला यायच्याच बंद झाल्या. बाकीचे मुलगे खाली मान घालून पटापट जेवतात आणि उठतात. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या परत रिकाम्या झाल्यात.

मी वाजवत नाही. हे तुला सांगते, कारण तू विचारशील. पण सगळ्या वाजवायच्या आधी माझ्याकडे बघतात. मी ताटात बघते.

परवा तो माझ्याकडे आला. म्हणाला, ताई, माझं काय चुकतंय? मी म्हटलं, काही नाही, सवय होईल. त्यानं मान हलवली. काल त्याची ट्रंक जिन्याखाली आलेली दिसली. शनिवारी जाणार म्हणे, घरी. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, तो गेला तर खुर्ची तुझी, दुसऱ्या क्रमांकाला तूच होतीस. नाव कोरणारा वर्षअखेरीला येईल.

म्हणजे तुला बोट फिरवता येईल, आजी. मला आनंद व्हायला पाहिजे. मुली माझं अभिनंदन करतायत. मला जेवण जात नाहीये, पण ते हवेमुळे असेल.

काय करू ते लिही. लवकर लिही, शनिवारच्या आधी पोचेल असं.

तुझी भोंगा

*

४ सप्टेंबर

पत्र आत्ता आलं आणि आत्ताच लिहितेय, शर्ट तसेच पडलेत. शिंप्याला पोस्टात पळवते.

तुला जेवण जात नाही ते हवेमुळे नाही. मला मूर्ख समजू नकोस.

धाकटी माझ्या मागची. माझे जुने फ्रॉक, माझ्या जुन्या चपला, माझं फाटलेलं दप्तर, सगळं तिनं वापरलं. घरात काहीही असो, आधी माझ्या अंगावर आणि मग तिच्या. मला शाळेतून काढलं, तरी हे कुणी काढून घेतलं नव्हतं. तिचं टाकलेलं मी आजपर्यंत काही घातलेलं नाही. आणि आता तिच्या नातवानं टाकलेली खुर्ची तू घेणार? त्यावर तुझं नाव कोरणार आणि मी त्याच्यावरून बोट फिरवायचं? मी नाही फिरवत. त्या नावाकडे बघून धाकटी तोंडानं काही बोलणार नाही, नुसती ती कवळी दाखवेल, आणि मला कळेल.

हरलीस ती खरी हरलीस. तो तुझ्यापेक्षा चांगलं वाचतो. हे लिहिताना दोनदा खोडलंय, तुला कागदावरून दिसेलच. पण मला त्याच्याबद्दल जळायचं असेल तर तो तिथं त्या खुर्चीवर बसलेला पाहिजे. घरी ट्रंक घेऊन परत आलेल्या पोरावर काय जळणार? धाकटीवर सगळे दया दाखवतील, मलाही दाखवावी लागेल. ते मला झेपणार नाही.

तेव्हा सांगते तसं कर. हे पत्र मिळेल त्या दुपारी जेवायला लवकर जा. सगळ्यात आधी चमचा जी वाजवते ती कोण, ते तुला माहीत आहे. तिच्या शेजारी जाऊन बस. तिनं चमचा उचलला की तिच्या हातातून काढून घे आणि तुझ्या ताटात ठेव. काही बोलू नकोस. सगळ्या तुझ्याकडे बघतात असं तूच लिहिलंयस ना, तर बघू देत. दुसरीनं उचलला तर तिचाही घे. सगळ्यांचे चमचे तुझ्या ताटात आले तरी चालतील, पण त्याचं वाचून संपेपर्यंत तू उठायचं नाहीस.

मग त्याला सांग, की मोठ्यानं वाच हे तू मुद्दाम सांगितलं होतंस. तुझ्या वेळी हॉल रिकामा होता वगैरे कारणं त्याची त्याच्याकडे राहू देत. तू पाठराखीण आहेस, त्याच्या पाठीत सुई टोचून वर त्याच्याकडूनच फुंकर घालून घेतेयस. मी सांगायला लावलं हे त्याला सांगायची काही गरज नाही.

ट्रंक दोघांनी मिळून वर न्या. तो उंच आहे, तू खालचा कोपरा धर.

चिडणं सोडू नकोस. मला ते समजूतदार लोक आवडत नाहीत. त्याचं वाचन ऐक, चीड, आणि परीक्षेत त्याच्या नाकावर टिच्चून नंबर आण, तुझं वर्ष वेगळं असलं तरी आण. धाकटीला सांगायला मला काहीतरी हवंय.

आणि या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझी सगळं ठीक आहे वाली पत्रं मला लांबून ओळखू येतात. उत्तर त्यानं लिहायचं, रविवारी, हॉलमधे काय वाचलं आणि कुठल्या पानावर थांबला एवढंच, आणि मागे पत्ता कॉलेजचाच पाहिजे.